वय अठरा झाले, पुढे काय? वझ्झरच्या शंकरबाबांचा प्रश्न

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर हे लहानसे गाव आहे. तेथील स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृहाचे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये समाजसेवेसाठी 'पद्मश्री' जाहीर झाली. वयाची ऐंशी ओलांडल्यावर माणसाने जबाबदारीतून मोकळे व्हावे, अशी रीत आहे. बाबांना मात्र ते शक्य झाले नाही. त्याचे कारण त्यांच्या स्वभावात जितके आहे, तितकेच ते कायद्यातही आहे.

बाबांचे प्रेरणास्थान संत गाडगेबाबा. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, तर बालपण अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे मामांकडे गेले. वऱ्हाडच्या याच मातीतील सेवेचा वारसा शंकरबाबांनी घेतला. बालगृहाला ज्यांचे नाव आहे ते अंबादासपंत वैद्य हे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संस्थापकांपैकी एक होत.

रेल्वे फलाटावर, बसस्थानकावर किंवा उकिरड्यावर टाकून दिलेली मुले पोलीस आणि बालकल्याण समित्यांमार्फत येथे आली. त्यांत मतिमंद, मूकबधिर, अंध, बहुविकलांग अशी सर्व प्रकारची मुले आहेत. बाबांनी १२३ मुलांना स्वतःचे नाव व आडनाव दिले. आधार कार्डावर वडील म्हणून शंकरबाबांचेच नाव लागले. मुलांच्या हातून बालगृहाच्या परिसरात हजारो झाडे उभी राहिली. येथेच वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अनेक मुलींचे विवाहही थाटाने लावण्यात आले.

परंतु प्रत्येक मूल स्वावलंबी होऊ शकत नाही. गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने, जन्मानंतरच्या तीव्र काविळीने अथवा मेंदूज्वराने कोवळ्या मेंदूला इजा होते. त्यातून सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व येऊ शकते. ही मूळ इजा सहसा वाढत नाही. पण भरूनही येत नाही. व्यायामोपचार, वाचा उपचार व शिक्षणाने मूल पुष्कळ शिकते. तरीही काहींना जेवण, आंघोळ, औषधे यांसाठी आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागतो.

अडचण येते ती येथेच. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांपर्यंतची व्यक्ती 'बालक' ठरते. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. या काळात तरुण स्वतःच्या पायावर उभा राहील, असे या व्यवस्थेत गृहीत धरले आहे. ज्याच्या मेंदूलाच इजा झाली आहे आणि ज्याला घरदार नाही, त्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. त्याचे वय वाढते, गरज मात्र तशीच राहते.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगत्व असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली. त्यासाठीच्या स्थानिक स्तर समितीत जिल्हा दंडाधिकारी असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले. ही पावले मोलाची आहेत. परंतु कागदावर सही करणारा पालक आणि रात्री उशाशी बसणारा माणूस यांत अंतर आहे.

म्हणूनच अठरा वर्षांवरील बेवारस दिव्यांगांचे त्याच संस्थेत आजीवन पुनर्वसन व्हावे, यासाठी देशात कायदा करावा, अशी मागणी बाबांनी वर्षानुवर्षे लावून धरली. 'वझ्झर मॉडेल' या नावाने ती ओळखली जाते. वझ्झरच्या मुलांना बाबांचे नाव मिळाले. पण एका माणसाचे आयुष्य १२३ जणांच्या आयुष्याला पुरणार नाही, हे बाबांइतके कोणालाच ठाऊक नसेल. शाल, श्रीफळ आणि मानपत्राने त्यांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. ज्या दिवशी बाबांच्या पश्चातही या मुलांचे छप्पर कायद्याने शाबूत राहील, त्या दिवशी तो गौरव पूर्ण होईल.