एकाच तणावर जगणारे कीटक

यजमान-विशिष्टता

टोळासारखा कीटक समोर येईल तो पाला खातो; काही कीटक एखाद्याच कुळातील वनस्पतींवर जगतात, तर मोजके एकाच प्रजातीवर. कीटकाचे जीवनचक्र किती वनस्पतींवर पूर्ण होऊ शकते, या मर्यादेला यजमान-विशिष्टता म्हणतात. परदेशी पाणतणाला आवर घालण्यासाठी त्याच्या मायदेशातील कीटक सोडायचा असेल, तर ही मर्यादा जितकी अरुंद तितका धोका कमी. सोडलेला कीटक परत गोळा करता येत नाही.

जलपर्णीचा सोंडकिडा

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्यावर जगणारे निओकेटिना वंशाचे दोन सोंडकिडे १९८२ साली भारतात आणले गेले. धान्यात पडणाऱ्या सोंड्याच्या नात्यातला हा कीटक जेमतेम ४-५ मिलिमीटरचा. दिवसा तो पानांच्या बेचक्यात दडतो आणि रात्री पानाचा पृष्ठभाग खरवडतो. सकाळी पानावर दोन-तीन मिलिमीटरचे फिकट, चौकोनी चट्टे दिसतात. खरे नुकसान अळी करते. फुगीर देठात घातलेल्या अंड्यातून बाहेर पडून ती देठ पोखरत रोपाच्या गाभ्यापर्यंत जाते. पुढे ती पाण्याखालच्या मुळांवर उतरते आणि मूळरोमांचा कोश करून जिवंत मुळाला चिकटते. भुकेलेल्या प्रौढाने दुसरे पान कुरतडले, तरी असा देठ आणि अशी तरंगती मुळे नसतील तर पुढची पिढी तयार होत नाही. विशिष्टतेचे मर्म प्रौढाच्या चवीपेक्षा अळीच्या या गरजांत आहे.

चाचणी

कीटक सोडण्यापूर्वी त्याची विशिष्टता तपासतात. एका चाचणीत कीटकापुढे एकच परकी वनस्पती ठेवतात: खा, नाहीतर उपाशी राहा. दुसरीत मूळ तण आणि इतर वनस्पती एकत्र ठेवून तो कशाकडे वळतो ते पाहतात. वनस्पती निवडण्याची पद्धत १९७४मध्ये ऑस्ट्रेलियातील वॅपशिअर यांनी मांडली: आधी तणाचे सख्खे नातलग, मग चुलत, मग दूरचे. त्यामुळे भातापेक्षा भातखाचरांत उगवणारी मोनोकोरिया आधी तपासावी लागते, कारण ती जलपर्णीच्याच कुळातली आहे.

नाव चुकले आणि वर्षे गेली

केरळमध्ये ‘आफ्रिकन पायल’ म्हणून ओळखले जाणारे साल्विनिया हे तरंगते नेचे आहे. नाव आफ्रिकन असले तरी ते मूळचे ब्राझीलचे. ते बराच काळ साल्विनिया ऑरिक्युलाटा समजले गेले. त्या प्रजातीवरचा सोंडकिडा त्रिनिदादहून आणून आफ्रिकेतील करिबा जलाशय, बोट्स्वाना आणि फिजी येथे सोडला गेला. तण हटले नाही. १९७२मध्ये संशोधक मिचेल यांनी हे तण वेगळी प्रजाती असल्याचे दाखवून तिला साल्विनिया मोलेस्टा हे नाव दिले. १९७८मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे मूळ स्थान सापडले. तेथून आणलेला सोंडकिडा १९८०मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मूनडारा तलावात सोडला. वर्षभराहून थोड्या अधिक काळात सुमारे १८,००० टन तण नष्ट झाले. दिसायला जुन्यासारखाच असलेला हा कीटकही १९८५मध्ये स्वतंत्र प्रजाती ठरला: सिर्टोबेगस साल्विनी. पुढे बंगळूर आणि केरळमध्येही तो यशस्वी झाला. वर्गीकरणशास्त्राला कोरडे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

जमिनीवरचा इशारा

गाजरगवतावर सोडलेले मेक्सिकन भुंगेरे सूर्यफुलावर दिसले, तेव्हा देशभर वाद झाला. पुढील अभ्यासात असे आढळले, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे पराग पडलेले असतील तर भुंगेरा ती पाने खाऊ लागतो. प्रयोगशाळेतील स्वच्छ पानावर हा प्रकार दिसणे शक्य नव्हते. चाचणी उत्तम असली, तरी शेतातली हवा तिच्यात नसते.

मर्यादा

विशिष्ट असणे म्हणजे परिणामकारक असणे नव्हे. निओकेटिनाच्या एका पिढीला साधारण तीन महिने लागतात. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. मणिपूरच्या लोकटक सरोवरात या सोंडकिड्यांनी चांगले काम केले. महाराष्ट्रातील शहरांलगतच्या नद्यांत मात्र पावसाळ्यापूर्वी यंत्राने जलपर्णी उपसतात. जेथे सोंडकिडे असतात, तेथे त्या ढिगाबरोबर अंडी आणि अळ्याही काठावर वाळतात आणि उरलेले पुरात वाहून जातात. पावसाळा सरल्यावर तण थोड्या रोपांपासून पुन्हा वाढते. सोंडकिड्यांची संख्या जवळपास शून्यापासून सुरू होते.