यादीतले नाव आणि नावामागचा माणूस

रमजानचा चंद्र दिसला की परभणीच्या बाजारात खजुराच्या पेट्या उघडतात आणि लोकांच्या मोबाईलवर संदेशांची रीघ लागते. शेवया आल्या, अत्तर आले, ईदच्या कपड्यांवर सूट आहे, मदरशाला मदत करा, जकात आमच्याकडे द्या. इफ्तारला दहा मिनिटे उरलेली असतात, घरात भजी तळली जात असतात आणि फोन वाजत राहतो. यातले बहुतेक संदेश कुणी उघडूनही पाहत नाही. पाठवणाऱ्याचा खर्च वाया जातो आणि घेणारा वैतागतो.

याचे कारण साधे आहे. सगळ्यांची नावे एकाच यादीत असतात आणि सगळ्यांना एकच संदेश जातो.

यादीची विभागणी कशी करावी, याचा एक चांगला नमुना परभणीतच आहे. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले इथले कृषी विद्यापीठ आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून तिथला हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात हवामानाचा अंदाज तर असतोच, पण पुढे पिकांचा सल्ला वेगळा, फळबागेचा वेगळा, भाजीपाल्याचा वेगळा, जनावरांचा आणि तुतीच्या रेशीम उद्योगाचाही वेगळा. जिंतूरचा कापूसवाला आपल्यापुरते वाचतो, पाथरीचा मोसंबीवाला आपल्यापुरते. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. त्या पावसात काय करायचे, हे मात्र प्रत्येकाचे निराळे असते.

ईमेलच्या यादीचेही तेच आहे. समजा, एखाद्या संस्थेकडे 600 पत्ते आहेत. एका तक्त्यात नाव आणि पत्ता लिहून ठेवला, एवढ्यावर काम संपत नाही. त्यापुढे आणखी चार रकाने हवेत: माणूस कुठे राहतो, त्याचा आपल्याशी संबंध काय, मागच्या वेळी त्याने काय घेतले किंवा दिले, आणि त्याने संदेश पाठवायला होकार दिला आहे का. या चार रकान्यांवरून 600 जणांचे पाच-सहा गट सहज पडतात. मग सगळ्यांना मिळून दहा पत्रे धाडण्याऐवजी प्रत्येक गटाला एक-दोनच जातात, आणि ती वाचली जातात.

पहिला रकाना किती महत्त्वाचा, हे ईदला कळते. परभणीची कितीतरी मुले पुण्या-मुंबईत आहेत, काही आखाती देशांत. सौदीतली घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास मागे, आणि तिथली ईद अनेकदा आपल्या आदल्या दिवशी होते. इथून ईदच्या सकाळी सगळ्यांना एकदम शुभेच्छा गेल्या, तर जेद्दाच्या मुलाला त्या शिळ्या मिळतात. उलट शुभेच्छांचे पत्र आधीच तारीख लावून ठेवले आणि इथे चंद्र दिसला नाही, तर तिसाव्या रोजाला लोकांच्या हाती ‘ईद मुबारक’ पडते. हे पत्र तयार ठेवावे. पाठवण्याचे बटण मात्र चंद्राची खात्री झाल्यावरच दाबावे.

वर्षाच्या हिशेबाचेही असेच. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. मागच्या रमजानात ज्या तारखेला ग्राहकाने खरेदी केली, त्याच तारखेला यंदा आठवण करून देणारी यंत्रणा दरवर्षी दहा-अकरा दिवस उशिराच पोहोचते. चार वर्षांत तर महिनाच निघून गेलेला असतो.

सर्वांत मोठी चूक नावावरून यादी कापण्यात होते. शेख, पठाण, सय्यद बाजूला काढले की रमजानची यादी झाली, असे पुष्कळांना वाटते. परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा रांगेत कोणकोणती आडनावे असतात, ते एकदा पाहावे. खजूर सर्वांच्या घरी जातात. शीरखुर्म्याचा डबा शेजारी जातो आणि दिवाळीत फराळ भरून परत येतो. कोण काय घेतो, यावरून गट पाडले तर व्यवहार नीट चालतो. कोण कोणाचा, यावरून पाडले तर यादीत अंदाज उरतात आणि माणसे दूर जातात. शिवाय माणसाचा धर्म तक्त्यात लिहून ठेवणे म्हणजे त्याच्याविषयीची फार नाजूक गोष्ट परक्याच्या हाती देणे होय. ती फाईल उद्या कुणाच्या संगणकावर जाईल, हे सांगता येत नाही.

या विषयात जकातीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जकात म्हणजे आपल्या संपत्तीतला गरिबांचा हक. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती वर्षभर राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के जकात निघते. ती कोणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुरआनच्या सूरह तौबामध्ये, साठाव्या आयतीत ठरवून दिले आहेत; गरीब, निराधार, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी हे त्यांतले काही. म्हणजे कुणाकडून घ्यायचे आणि कुणाला द्यायचे, ही निवड जकातीच्या मुळातच आहे.

आता त्या 600 पत्त्यांकडे परत पाहा. त्यात जकात देणारे आहेत, तसेच गेल्या वर्षी संस्थेकडून रेशन किंवा मुलांची फी मिळालेली कुटुंबेही आहेत. एकाच यादीला एकच पत्र गेले: ‘आपली जकात आमच्याकडे द्या.’ एखाद्या विधवा बाईच्या मुलाने आईच्या नावाने ईमेल काढून दिला होता, तिथेही ते पोहोचले. ती बाई काय समजेल? आपल्याला मिळालेले परत मागत आहेत, की आपली आठवणच कुणाला नाही? तिच्यासाठी पत्र वेगळे हवे होते: यंदाचा अर्ज कधी, कागद कोणते, कुठे यायचे.

त्याहून वाईट चूक एका क्लिकची असते. मदत घेणाऱ्या पन्नास जणांना पत्र पाठवताना पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘सीसी’च्या रकान्यात पडले, तर पन्नास घरांना एकमेकांची गरज कळते. गाजावाजा न करता दिलेल्या दानाला जास्त मान आहे, असे लहानपणापासून शिकवले जाते. त्या शिकवणीचे पालन आता या रकान्यातही करावे लागते.

वेळेचाही हिशेब आहे. जकात वर्षात केव्हाही देता येते, फितरा मात्र ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो. त्याचे पत्र शेवटच्या आठवड्यात जायला हवे; ईदच्या दुपारी ते निरुपयोगी ठरते. इफ्तारच्या आधीचा तास टाळावा. तरावीहनंतर लोक निवांत फोन हाती घेतात.

मोठ्या ईमेल कंपन्यांनीही आता शिस्त लावली आहे. रोज 5,000 हून अधिक पत्रे धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली. हजारात तीन जणांनी जरी पत्राला कचरा ठरवले, तरी पुढची पत्रे अडतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्रही हेच सांगते: माहिती वापरायला स्पष्ट होकार हवा, आणि तो मागे घेणे होकार देण्याइतकेच सोपे हवे.

म्हणून रमजान लागण्यापूर्वी दुकानदाराने आणि संस्थेच्या चिटणीसाने एक संध्याकाळ यादीसोबत बसावे. ज्यांनी नको म्हटले, त्यांची नावे काढावीत. जे या जगातून गेले, त्यांचीही काढावीत. वडिलांच्या नावाने आलेले ‘ईद मुबारक’ मुलाला फार लागते. देणारे आणि घेणारे यांच्या याद्या वेगळ्या कराव्यात, आणि घेणाऱ्यांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे ठेवावी. घरोघरी इफ्तारी पाठवताना कुठल्या घरात साखर चालत नाही, कुठे लहान मुले आहेत, हे ताट भरणाऱ्या बाईला माहीत असते. पत्र पाठवणाऱ्यालाही तेवढे माहीत असावे.