परीक्षा धुराची



मागे एकदा शाळेच्या डिसेंबरच्या सुट्टीत मी भाच्याकडे कतारला गेले होते. तो दोहा शहरात एका हॉटेलात नोकरीला आहे. एके सकाळी तो म्हणाला, "मावशी, आज माझ्या गाडीची परीक्षा आहे. येतेस बघायला?" परीक्षा म्हटल्यावर शिक्षिका घरी कशी बसणार!

कतारमध्ये खासगी मोटार तीन वर्षांची झाली की पुढे दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते, तरच नोंदणी पुढे चालू राहते. हे काम 'फाहिस' ही कंपनी करते. पेट्रोल विकणाऱ्या 'वोकूद' कंपनीचीच ती शाखा. अरबी भाषेत फाहिस म्हणजे तपासणारा, म्हणजे आपला परीक्षकच. ब्रेक, दिवे, चाके पाहतात, आणि धूर किती विषारी आहे तेही यंत्राने मोजतात.

भाच्याची गाडी धुरात नापास झाली. गॅरेजवाल्याने एअर फिल्टर काढून दाखवला, तर तो वाळूने गच्च भरलेला. वर्षभर त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. फिल्टर आणि प्लग बदलले व दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. भाचा हसून म्हणाला, "मावशी, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे साफ केले असते, तर पहिल्यांदाच पास झालो असतो."

मी हसले, पण ते वाक्य मनात घर करून बसले. कारण एका मोठ्या कारखान्याने खरोखर असेच केले होते.

जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत एक छुपा प्रोग्रॅम बसवला होता. सुकाणू हलत नाही आणि चाके मात्र फिरत आहेत, अशा खुणांवरून गाडी ओळखायची की आज आपली परीक्षा आहे. मग ती शहाण्या मुलीसारखी वागायची. रस्त्यावर आली की धूर आवरणारी यंत्रणा सैल पडायची. नायट्रोजन ऑक्साइड हा तो वायू. दमेकऱ्याची धाप वाढवणारा, लहान मुलांच्या फुप्फुसांना घातक.

चोरी पकडली ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या पथकाने. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे भारतातून गेलेले दोघे तरुण होते. त्यांनी मोजण्याचे यंत्रच गाडीच्या डिकीत ठेवले आणि गाडी हमरस्त्यावर चालवली. एका मोटारीचा विषारी वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला! सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकन सरकारने हे जगापुढे मांडले. जगभर अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या.

भाच्याने सांगितले की २००९ पासून कतारच्या सरकारी निधीचा या कंपनीत मोठा भाग आहे, मताधिकाराचे सुमारे १७ टक्के. म्हणजे ज्या देशात साध्या नोकरदाराची गाडी धुरासाठी नापास होते, त्याच देशाचा पैसा या कंपनीत होता. शेअरचा भाव कोसळला तेव्हा त्यालाही झळ लागली.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातही हा तपास झाला. पुण्यात वेताळ टेकडीवर ए.आर.ए.आय. ही मोटारींची चाचणी करणारी संस्था १९६६ पासून आहे. तिने गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हा धूर नियमाच्या १.१ ते २.६ पट भरला. २०१५ च्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

आता माझी कबुली ऐका. तरुणपणी, ट्रेनिंग संपवून मी नुकतीच शिकवू लागले होते. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हटले की मी तोच धडा आदल्या दिवशी मुलांकडून घोकून घेत असे. कोणी हात वर करायचा, हेही ठरलेले. साहेब खूश होऊन जात. पण एकदा ते गेल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "टीचर, आता खरा धडा कधी?" ती लाज अजून गेलेली नाही. त्या गाडीत आणि माझ्यात फरक तो काय?

आज परीक्षेची रीत बदलली आहे. युरोपात २०१७ पासून आणि भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजतात. चढ, गर्दी, ऊन, सगळे त्यात आले. जिथे मूल श्वास घेते, तिथेच मोजले पाहिजे, हेच खरे.

पण बंधुभगिनींनो, यंत्र रोज आपल्या मागे फिरणार नाही. परतल्यावर मी माझ्या जुन्या गाडीचा फिल्टर काढून पाहिला. तपासणीला अजून चार महिने होते. फिल्टर काळाकुट्ट निघाला. त्याच दिवशी बदलला.