साडेसहा अंशांचा उतार

पिनबॉलच्या यंत्राचा पट मागून पुढे साधारण साडेसहा अंशांनी उतरता असतो. नुसत्या डोळ्यांना हा उतार फारसा जाणवतही नाही. पण सरळ खाली सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो, आणि या पटावरून गडगडत येणाऱ्या भरीव पोलादी गोळीचा जेमतेम ०.८ ने. चंद्रावर हाच आकडा १.६ आहे. म्हणजे काचेखालच्या त्या पेटीत गोळीचा वेग चंद्रावर पडणाऱ्या वस्तूच्याही निम्म्या दराने वाढतो! पटाची लांबी एक मीटरच्या किंचित वर. वरच्या टोकाला अलगद सोडलेली गोळी वाटेत काही लागलं नाही तर खाली यायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्यात माणसाला बघता येतं, ठरवता येतं आणि बटण दाबता येतं. उतार दुप्पट केला तर खेळ हाताबाहेर जाईल, निम्मा केला तर कंटाळा येईल. पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजता यावा म्हणून गॅलिलिओनेही हीच युक्ती केली होती. उतरत्या लाकडाच्या खोबणीतून गोळी सोडायची आणि ती सावकाश होऊन मोजमापाच्या आवाक्यात येते का ते पाहायचं. १६३८ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने हा प्रयोग लिहून ठेवला आहे.

उतरत्या पटाचं हे नवल विकत घेऊन घरात ठेवता येतं. अमेरिकेत तर पिनबॉलच्या नव्या यंत्रांचा मोठा वाटा आता घरांतच जातो, आणि शिकागोकडच्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराचं बेसमेंट रिकामं असेल, तर तिथेही हा विचार डोकावू शकतो. पहिलं यंत्र घेणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ही वस्तू मुळात घरासाठी घडवलेली नाही. बारच्या कोपऱ्यात, आर्केडच्या गोंगाटात, नाणी गोळा करत वर्षानुवर्षं मार खाण्यासाठी ती घडली. तिचा खरा मालक तिच्यावर पोट भरणारा ऑपरेटर होता. यंत्र बंद म्हणजे कमाई बंद, म्हणून ते चटकन उघडेल, चटकन दुरुस्त होईल, असंच त्याला बनवून दिलेलं असे. घरी आणणाऱ्याला हा सगळा वारसा आयता मिळतो, आणि मला विचाराल तर खेळण्याइतकाच आनंद तिथे आहे.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण यंत्रात जे जे दिसतं ते कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलं आहे. आपल्याकडे सुट्टीत मुलं खिळे ठोकलेल्या बॅगाटेल बोर्डावर स्प्रिंगने गोळ्या उडवायची, तो या खेळाचा जवळचा नातलग. बॅगाटेल मूळचं अठराव्या शतकातल्या फ्रान्सचं. त्याला स्प्रिंगचा दट्ट्या बसवण्याचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये अमेरिकेत घेतलं. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ हे दुकानाच्या काउंटरवर मावणारं यंत्र काढलं आणि मंदीने पिचलेल्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मात्र त्यात दट्ट्या सोडल्यावर खेळणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नसे. गोळी जाईल तिकडे जाईल. हा जुगारच आहे असं म्हणत न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये शहरात बंदी आणली आणि यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. खुद्द शिकागोतही, जिथे ही यंत्रं बनत, अनेक वर्षं बंदी होती.

गंमत म्हणजे जुगाराच्या आरोपाला खरं उत्तर मिळालं ते बंदीनंतर पाच वर्षांनी. १९४७ मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये हॅरी मॅब्स यांनी पहिल्यांदा फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच उचलली जाऊन गोळी टोलवणारी पाती, बसवले. दोन्ही बाजूंना तीन-तीन, तेही बाहेरच्या दिशेला तोंड केलेले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कोर्डेक यांनी फक्त दोनच ठेवले आणि तेही अगदी तळाशी, आणि हळूहळू तीच रचना सगळ्यांनी उचलली. आता गोळी परतवता येत होती, नेम धरता येत होता. तरी न्यूयॉर्कचा कायदा जागचा हलला नाही. अखेर १९७६ मध्ये रॉजर शार्प या तरुण लेखकाने शहराच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर खेळून दाखवलं. गोळी कुठल्या वाटेने जाईल ते आधी सांगितलं, दट्ट्या ओढला आणि गोळी त्याच वाटेने गेली. बंदी उठली.

आता झाकण उघडू या. पुढची पट्टी सोडवून काच बाहेर सरकवली की अख्खा पट उचलून टेकणीवर उभा करता येतो, आणि खालची बाजू पाहून माणूस काही क्षण गप्पच होतो. रंगीबेरंगी तारांच्या जुड्या, तांब्याच्या तारेच्या कॉइल्स, छोट्या मोटारी, दिवे. वर चित्रं आणि झगमगाट, खाली निखळ काम.

फ्लिपरचंच बघा. बटण दाबलं की कॉइलमधून जोरदार प्रवाह जातो, आतला लोखंडी दांडा ओढला जातो आणि फ्लिपर झटक्यात उचलला जातो. ८० ग्रॅमची, २७ मिलिमीटर व्यासाची गोळी तो पटाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावतो. एवढा प्रवाह क्षणभरच परवडतो. खेळाडूने बटण दाबूनच धरलं तर कॉइल जळेल. म्हणून तिच्यात दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची मारायला आणि बारीक तारेची नुसतं धरून ठेवायला. दांडा टोकाला पोचला की एक इवलासा स्विच जोराची वाट तोडतो, आणि पुढे बारीक तारेतला बेताचा प्रवाह फ्लिपरला वर तोलून धरतो. नंतरच्या यंत्रांत हा निर्णय संगणक घेऊ लागला, पण युक्ती तीच राहिली.

किंवा यंत्राला गोळी कुठे आहे हे कळतं कसं ते बघा. पटावर साठाच्या आसपास स्विच विखुरलेले असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तारा ओढल्या तर जंगल माजेल. म्हणून नव्वदच्या दशकातल्या यंत्रांत ते आठ उभ्या आणि आठ आडव्या तारांच्या जाळ्यावर बसवले. एका वेळी एकाच उभ्या तारेला विचारायचं, ‘तुझ्यावर कोण दाबलं गेलंय?’ मग दुसरीला, मग तिसरीला. डोळ्याचं पातं लवायच्या आत हा फेरा अनेकदा पुरा होतो. सोळा तारांत चौसष्ट जागांची खबर! प्रत्येक स्विचपाशी एक डायोड असतो, नाहीतर तीन स्विच एकदम दाबले गेल्यावर न दाबलेला चौथाही दाबल्यासारखा भासला असता.

आणि तो ‘टिल्ट’. यंत्राला धक्का देणं हा खेळाचाच भाग आहे, फक्त अति नको. किती धक्का म्हणजे अति, हे पेटीत टांगलेला एक ओळंबा ठरवतो. गवंड्याकडे असतो तसलाच, एका धातूच्या कड्याच्या मधोमध लोंबणारा. हादऱ्याने तो कड्याला टेकला की विजेचा मार्ग जुळतो आणि फ्लिपर मरतात. संगणक, स्पीकर, चित्रपटांचे हक्क, सगळं येत गेलं, तरी कितीतरी यंत्रांत हा ओळंबा अजून तसाच लोंबतो आहे.

विकत घेताना हे सगळं उपयोगी पडतं. बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला पट उचलून दाखवायला सांगा. अडखळला तर घाई करू नका. नव्वदच्या दशकातली विल्यम्स-बॅली या कंपनीची यंत्रं बघत असाल, तर मागच्या उभ्या पेटीतल्या बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल आधी शोधा. यंत्र बंद असताना आठवण जपायला ते लावलेले असतात. वर्षानुवर्षं न बदलल्याने ते गळले असतील, तर हिरवट-पांढरी बुरशी बोर्डाच्या रेषा खात गेलेली दिसेल, आणि ते दुखणं महागात पडतं. मग पटावरचं लाकूड बघा, गोळी जिथे वारंवार पडते तिथे रंग उडून लाकूड उघडं पडलंय का ते. वायरींना कुणी वेडेवाकडे जोड दिलेत का ते बघा. रबरं मात्र कडक झालेली असली तरी सोडून द्या, ती स्वस्त असतात आणि बदलायचीच असतात.

यंत्र स्वतःही बोलतं. नाण्यांच्या दारामागे बटणं असतात. ती दाबून एकेक दिवा, एकेक कॉइल, एकेक स्विच तपासता येतो. विल्यम्सच्या यंत्रांत पडद्यावर शिल्लक डावांच्या संख्येपुढे एक बारीक ठिपका दिसला, तर यंत्राला स्वतःत कुठेतरी दोष सापडला आहे. हा ठिपका ऑपरेटरसाठी होता. ग्राहकाला त्याचा पत्ता नसे. दारामागे किती डाव खेळले गेले याचे आकडेही मिळतात, पण ते पुसता येतात, तेव्हा त्यावर किंमत ठरवू नये.

कुठल्या काळातलं घ्यावं? सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतची यंत्रं संगणकाविना, रिले आणि फिरत्या आकडेचक्रांवर चालत. त्यांच्या घंटांचा आवाज अप्रतिम असतो, पण दुरुस्ती शिकायची मनापासून इच्छा असेल तरच ती घ्यावीत. १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं आणि मग कित्येक वर्षं स्टर्न हीच एक मोठी कंपनी तग धरून होती. नवं यंत्र वॉरंटीसकट मिळतं ही सोय, पण त्याला हजारो डॉलर लागतात. माझा कल नव्वदच्या दशकाकडे आहे. सुटे भाग मिळतात, माहितीपुस्तिका मिळतात आणि कल्पकता शिगेला पोचलेली आहे. मात्र एक पथ्य पाळावं. जे यंत्र कुठेतरी भरपूर खेळून झालंय आणि तरी पुन्हा खेळावंसं वाटतं, तेच आणावं. नावावर किंवा चित्रावर भाळून आणलेलं यंत्र पावसाळा संपायच्या आत धूळ खायला लागतं.

आणताना आधी गोळ्या काढून घ्या, मग पाय सोडवा, मागची पेटी मिटवा. तरी वजन शंभर किलोंहून जास्त भरतं, तेव्हा जिन्याचं वळण आधी मोजलेलं बरं. भारतात आणायचं असेल तर २३० व्होल्टची जोडणी जाणकाराकडून करून घ्या. कितीतरी यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरवर तशी सोय असते, कारण ती युरोपातही विकली जात. जागेवर ठेवल्यावर पाणसळ लावून डावी-उजवी बाजू समपातळीत आणा आणि पायांचे स्क्रू फिरवून तो साडेसहा अंशांचा उतार जुळवा. गोळीला चरे पडले की ती बदला, नाहीतर ती कानशीसारखी पट घासत राहते.

नव्वदच्या दशकातल्या त्या कल्पकतेचा एक नमुना बघा. १९९२ साली आलेल्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ची २०,२७० यंत्रं विकली गेली. त्या काळातलं इतकं खपलेलं दुसरं यंत्र नाही. पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांच्या या यंत्रात पटाखाली लोहचुंबक आहेत, गोळी उचलून नेणारा एक हात आहे, आणि एक प्रसंग असा आहे की खेळाडूला हात आवरता घेऊन नुसतं बघायचं असतं. फ्लिपर यंत्र स्वतः मारतं. नेम चुकला तर पुढच्या वेळी मारण्याची वेळ ते किंचित मागेपुढे करतं, पुन्हा चुकला तर पुन्हा. तुमच्या घरची फरशी, तुम्ही जुळवलेला उतार, त्या फ्लिपरच्या रबराची झीज, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. तरी चुकत चुकत ते त्या सगळ्याला जुळवून घेतं आणि नेम लागायला लागतो. हे यंत्र आणलंत, तर पहिल्या काही डावांत त्याचा नेम चुकला म्हणून ते बिघडलंय असं समजू नका.