शेतकऱ्यांची अभ्याससहल
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांस पाहण्यासारखे पुष्कळ जवळच आहे. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र व टोमॅटोचा बाजार, घोड नदीवरील डिंभे धरण आणि सातवाहनकालीन नाणेघाट ही स्थळे सहलीस सोयीची आहेत.

निघण्यापूर्वी केंद्रास आगाऊ कळवावे व प्रत्येकाने आपल्या पिकाविषयी दोन प्रश्न लिहून न्यावेत. खर्च, पाणी व उत्पन्न यांचे आकडे जागेवरच टिपावेत. परक्या शेतातील टोमॅटोची रोपे निरोगी दिसली तरी आणू नयेत. त्यांच्याबरोबर विषाणू व पांढरी माशी गावात शिरल्यास सगळा हंगाम बुडतो. उसाच्या भागात बिबट्याचा वावर असल्याने दिवस मावळण्यापूर्वी परतावे. पाहिलेली एखादी सुधारणा प्रथम दोन गुंठ्यांत करून पाहावी, म्हणजे सहलीचा खर्च सार्थकी लागेल.