चष्म्याचा नंबर सारखा वाढतोय?

मुलांचा चष्म्याचा नंबर वाढला की आपल्याकडे पहिला दोष टीव्हीला, दुसरा मोबाइलला. मग गाजराचा रस सुरू होतो. (शेजारणींचे सल्ले तर विचारूच नका!) पण मैत्रिणींनो, क्वचित एखाद्या मुलाच्या डोळ्यातलं भिंगच जागेवरून सरकलेलं असतं.

नाशिकमध्ये आमच्या मंडळाच्या नेत्रतपासणीत अशी एक आठ वर्षांची मुलगी आली. उंच, सडपातळ, बोटं लांबसडक. दीड वर्षात तीन चष्मे झालेले, तरी फळा दिसेना. ‘लक्ष नाही’ म्हणून शाळेत बोलणी खायची. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, तेव्हा भिंगाची कड स्पष्ट दिसली.

भिंग डोळ्यात बारीक धाग्यांनी चहूबाजूंनी ताणून बांधलेलं असतं. धागे जन्मतःच कमकुवत असले की ते एका बाजूला कलतं. याचं एक मोठं कारण मार्फन सिंड्रोम. १८९६ मध्ये फ्रेंच डॉक्टर आंत्वान मार्फन यांनी लांब हातापायांच्या पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. ‘पोर कशी उंच निघाली’ म्हणून आपण कौतुक करतो. पण या आजारात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी रुंदावू शकते. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर टूडी इको करायला सांगतात. तिथे ‘डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध?’ म्हणून वाद घालू नका.

दुसरं कारण होमोसिस्टिन्युरिया. यात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. मामेबहीण-आतेभावाची लग्नं आपल्याकडे आजही होतात, त्या घरांत हा धोका जास्त. या मुलांच्या रक्तात गुठळ्या होऊ शकतात, म्हणून भूल देण्याआधी रक्ततपासणी हवीच.

चष्म्याने नीट दिसत असेल तर ऑपरेशनची घाई नसते. नाहीतर पूर्ण भूल देऊन बारीक छेदातून भिंग काढतात. मोतीबिंदूत नवं भिंग जुन्याच्या पिशवीत बसतं. इथे पिशवीच सैल. त्यामुळे खास रिंग घालून पिशवीला आधार देतात, किंवा कृत्रिम भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला पक्कं करतात. काही मुलांना भिंग न बसवता जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. भिंग बसवलं तरी वाचायला चष्मा लागतोच. शिवाय पडदा सरकण्याची भीती असल्याने तपासण्या वर्षानुवर्षं चालतात. एक डोळा आळशी झाला असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायची. हे काम सगळ्यात चिवट, आणि ते आईच्याच गळ्यात पडतं! सात-आठ वर्षांच्या आत केलं तर गुण जास्त.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुस्तक नाकाशी धरतं, मान वाकडी करून बघतं, हे त्यांना आपणहून सांगा.