मधातले पाणी

2018 साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मधाच्या मानकात सुधारणा करून त्यातील पाण्याची कमाल मर्यादा शेकडा 25 वरून शेकडा 20 वर आणली. ही वार्ता त्या वेळी माझ्या नजरेस पडली असती, तरी तिच्यात हळहळण्यासारखे काही आहे असे मला वाटले नसते. तिचे मर्म ध्यानी आले ते गेल्या पावसाळ्यात, भोर तालुक्याच्या घाटाकडील अंगाला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या स्नेह्याने पाठविलेल्या कागदावरून. पोयाच्या मधाची एक बाटली त्याने मोठ्या हौसेने तपासणीला धाडली होती. पाणी शेकडा 27 भरले, आणि ‘मानकानुरूप नाही’ असा शेरा घेऊन कागद परत आला. ज्याच्या आजाने, बापाने आणि त्याने स्वतः हयातभर हाच मध खाल्ला आणि गावाला पुरविला, त्याला सरकारदरबारी कळविण्यात आले की तो मधच नव्हे.

पोया ही नांगी नसलेली, मुंगीहून फारशी मोठी नसलेली काळसर माशी. जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत, क्वचित वारुळात ती वस्ती करते आणि दाराशी राळेची बोटभर नळी काढून तिच्या तोंडावर पहारेकरी बसविते. भिंतीचा दगड हलविला की आत षट्कोनी घरांची पोळी दिसत नाहीत. मेण आणि राळ कालवून केलेली, करवंदाएवढीदेखील नसलेली तपकिरी गाडगी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. काडीने एकेक फोडावे, खाली वाटी धरावी, आणि तोवर माश्या केसांत शिरून भुवया कुरतडत असतात ते निमूट सोसावे. एवढ्या खटाटोपाने वर्षाकाठी एका वस्तीतून पावशेर-अर्धा शेर निघाला तरी पुष्कळ. तो पातळ असतो, आंबट असतो, आणि गिळल्यावर जिभेवर राळेचा तुरटपणा ठेवून जातो. आयुर्वेदाने मधाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांतील औद्दालक हा वारुळातल्या बारीक कपिल कीटकांनी साठविलेला, अल्प आणि तुरट-आंबट असा वर्णिला आहे. ते वर्णन वाचताना दुसरी कोणतीही माशी माझ्या डोळ्यांपुढे येत नाही.

महाराष्ट्रातील मधोद्योगाचा समग्र इतिहास लिहू पाहणाऱ्याने महाबळेश्वरापासून आरंभ करावा, सहकारी सोसायट्यांचे अहवाल चाळावेत, पुण्यास 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली तिचे कार्य वर्णावे. मला त्या कालखंडाविषयी आदर आहे. परंतु पेट्यांचे वाटप, शिबिरांची उद्घाटने आणि मान्यवरांचे हारतुरे यांनी भरलेली ती दप्तरे वाचताना डोळा लागल्यावाचून राहत नाही. माझे मन घुटमळते ते 1991 नंतरच्या दशकात.

त्या दशकाच्या आरंभी सातेरीवर, म्हणजे पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या आपल्या देशी मधमाशीवर, संक्रांत आली. थायलंडात प्रथम आढळलेला ‘थाई सॅकब्रूड’ हा विषाणुरोग 1991-92 च्या सुमारास केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत असा पसरला की तेथील सातेरीच्या वसाहतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. आणि आमच्या घाटातही, ज्या पेटीला कान लावला असता संथ गुंजारव ऐकू येई, ती उघडली तर आत कोषात जाण्यापूर्वीच मेलेल्या अळ्या सापडू लागल्या. चिमट्याने उचलली की अळी कातडीच्या पिशवीत पाणी भरून लोंबे. भिंतीतल्या पोयाला या साथीची झळ लागलेली मी पाहिली नाही. परंतु पोयाची गणना कोणी उद्योगात करीतच नव्हते, मग तिच्या तगून राहण्याची नोंद कोण घेणार?

या आपत्तीवर तालुक्याच्या एका कचेरीने, जिचे नाव घेण्यात आता स्वारस्य उरलेले नाही, असा तोडगा काढला की सातेरीच्या जागी युरोपीय मेलिफेरा आणावी. मेलिफेरा ही मोहरीच्या आणि सूर्यफुलाच्या अफाट शेतांवर, फुलोऱ्यामागे पेट्या हलवीत पोसायची माशी. पंजाबात साठच्या दशकात तिने बस्तान बसविले ते यथायोग्यच झाले. परंतु जेथे चार महिने आभाळ फुटल्यागत पाऊस कोसळतो आणि शेताचा तुकडा अंगणाएवढा, तेथे तिने काय खावे, हा प्रश्न त्या कचेरीतील एकाही अंमलदारास पडला नाही. कर्जाऊ दिलेल्या पेट्या दोन पावसाळ्यांत रिकाम्या झाल्या. वसुलीच्या नोटिसा मात्र वेळच्या वेळी येत राहिल्या.

त्याच दशकात दोन गोष्टी अशा घडल्या की त्यांचे स्मरण अद्यापि सुखावते. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. सुब्रह्मण्यम् यांनी 1991 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या 104 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. निम्म्यांच्या जखमांवर मध लावला, निम्म्यांवर रुग्णालयांत रूढ असलेले चांदीयुक्त मलम. मध लावलेल्यांपैकी शेकडा 91 जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या. पुढे या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप निघाले, ते निघावयासच हवेत; तरी मध आम्ल असतो, जखमेतील द्रव शोषून घेतो आणि त्यातील एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन जंतूंना आवर घालतो, हे आज सर्वमान्य आहे. वर्षाच्या आतील बालकाला मात्र मध चाटवू नये, एवढी जोड आजीबाईच्या बटव्याला द्यावी.

दुसरी गोष्ट वर्ध्याकडची. आग्या मोहोळ म्हणजे रात्री मशाल लावून माश्या जाळायच्या आणि अंड्या-अळ्यांसकट पोळे पिळायचे, हीच रानातली वहिवाट, आणि ठेकेदारीने ती अधिकच निर्दय केलेली. तेथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रातून डॉ. गोपाल पालीवाल यांनी आदिवासी मधपाळांना संरक्षक पोशाख देऊन, फांदीलगतचा मधाचा गड्डा तेवढा कापावा आणि पिलावा जागच्या जागी राखावा, ही रीत शिकविली. पोळे पुन्हा भरते, पिळलेल्या अळ्यांचा गढूळपणा मधात उतरत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण यांना गौण वनोपजात नावानिशी घातले, तेव्हा हक्कही आला. डहाणूकडचा वारली आपल्या तारप्याचे सांधे मेणाने बुजवितो, त्याला त्या हक्काची सनद तोवर कोणी दाखविली नव्हती इतकेच.

नंतरची वर्षे बाटल्यांची. सातेरी गेली, आणि रिकामी जागा फुलाने नव्हे, कारखान्याने भरली. 2020 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 13 नाममुद्रांचे मध तपासून घेतले, तेव्हा जर्मनीतील चुंबकीय अनुस्पंदनाच्या कसोटीत 10 नापास झाले. साखरेचा पाक असा बेतून काढता येतो की तो देशी तपासणीतून सुखरूप निसटतो, आणि त्यात पाणी किती ठेवायचे हे तर सर्वस्वी करणाराच्या हाती! पाणी अधिक असले की मध आंबतो, म्हणून मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. परंतु दमट घाटातल्या सातेरीच्या मधालाही शेकडा 20 ची वेस ओलांडायला फार लागत नाही. मग तो तापवून पाणी उडवावे लागते, आणि तापविले की ज्या विकराचे वर गुणगान केले तेच क्षीण होते. पोयाचा मध तर तापविल्यावर पोयाचा उरतच नाही.

मलेशियाने 2017 साली नांगीविरहित माश्यांच्या मधासाठी निराळे मानक बांधले. 2020 साली क्वीन्सलँडच्या संशोधकांना पोयाच्याच गोतातील माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज ही रक्तात सावकाश उतरणारी दुर्मीळ शर्करा आढळली. मधुमेह्यांनी एवढ्यावरून वाटी पुढे करू नये. पण पदार्थ निकृष्ट नव्हे, निराळा आहे, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

आणि निराळेपणाला जागा देणे आपल्या नियमकर्त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. जुन्या भेसळ-प्रतिबंधक नियमांत, आणि आजच्या मानकातही, सर्व मधांना इक्षुशर्करेची मर्यादा शेकडा 5 असताना कारवीच्या मधाला शेकडा 10 ची मुभा आहे. आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या, सह्याद्रीच्या उतारावरील त्या झुडपाचे लॅटिन नाव दिल्लीच्या राजपत्रात ज्या कोणी घातले, त्याने कारवी पाहिली असावी, निदान तिचा मध चाखला असावा. पोयासाठी असाच एक रकाना मागणारा अर्ज माझ्या स्नेह्याने ग्रामसभेच्या ठरावासह धाडला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.